कौतुक पुरे, छत्रीचं माप सांगा

विमानातून उडी घेणाऱ्या बाईचा फोटो वर्तमानपत्रात आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली बाहेरच्या जगाची : ‘वा, काय धाडस! आणि तेही बाई असून!’ दुसरी आपल्यातली, बैठकीनंतर चहा पिताना हळूच व्यक्त होणारी : ‘पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे. आमच्या वस्तीत बाया पाण्याच्या हंड्यासाठी पहाटे तीनला उठतात, त्यांना काय करायचंय विमान?’

या दोन्ही प्रतिक्रिया वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पण दोघींचं एका गोष्टीवर एकमत आहे. त्या बाईच्या पाठीवर काय आहे, ते दोघीही पाहत नाहीत. तिच्या पाठीवर एक बोचकं असतं. त्यात दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. ते बोचकं तिच्या मापाचं आहे का, ते कोणी निवडलं, त्याची घडी कोणी घातली, ते उघडलं नाही तर काय करायचं हे तिला कोणी शिकवलं, हे प्रश्न कुणाच्या तोंडून येत नाहीत. माझं म्हणणं असं की हेच प्रश्न स्त्री-चळवळीचे आहेत. धाडसाचा प्रश्न आपला नाहीच. धाडस बायका रोजच करतात.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे ‘स्कायडायव्हिंग केलं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी ‘टँडम’ उडी घेतलेली असते. त्यात प्रशिक्षकाच्या पोटाशी तुम्हाला पट्ट्यांनी जखडलेलं असतं. छत्री त्याची, निर्णय त्याचा, जमीन जवळ आली की पाय उचलायचं तेवढं तुमचं काम. आनंद म्हणून ते ठीकच आहे, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण त्याला ‘मुक्त स्त्रीची भरारी’ म्हणणं म्हणजे नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेल्या बाईला वाहनचालक म्हणण्यासारखं आहे.

शिकणं वेगळं असतं. अमेरिकेत या खेळाचे परवाने युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही संघटना देते. पहिल्या, म्हणजे ‘ए’ परवान्यासाठी किमान २५ उड्या घ्याव्या लागतात. साधारण १३,००० फुटांवरून उडी, मिनिटभर मोकळं पडणं, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. त्या मिनिटात शरीर स्थिर ठेवायचं, वळायचं, उंची मोजत राहायचं. नव्या परवानाधारकाने ३,००० फुटांच्या वरच छत्री उघडायची असा नियम आहे. उघडलेली छत्री नीट नसेल तर २,५०० फुटांपर्यंत निर्णय घ्यायचा : उजव्या बाजूची मूठ ओढून बिघडलेली छत्री सोडून द्यायची, डाव्या बाजूची ओढून राखीव उघडायची. आणि स्वतःच्या मुख्य छत्रीची घडी स्वतः घालता आली पाहिजे. त्याशिवाय परवाना नाही.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. अमेरिकन कायद्यानुसार मुख्य छत्रीची घडी तीनच माणसं घालू शकतात : परवानाधारक रिगर, त्याच्या थेट देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती, किंवा त्या छत्रीने पुढची उडी जी घेणार आहे ती स्वतः. राखीव छत्री मात्र रिगरनेच दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधायची. म्हणजे कायदाच म्हणतो की जिचा जीव तिचा हात. आपला हात जगन्नाथ! आपल्याकडे किती गोष्टींत बाईला इतकी साधी अट घालून दिलेली आहे?

घडी, शिलाई, दोऱ्या या गोष्टी बायकांना नव्या नाहीत. हवाईछत्रीचा इतिहास बायकांच्या हातांनी शिवलेला आहे. जर्मनीची केटे पाउलुस मूळची शिवणकाम करणारी. १८९३ पासून ती फुग्यातून छत्रीने उड्या घेत होती, आपल्या छत्र्या आपणच शिवत होती. पहिल्या महायुद्धात तिने जर्मन सैन्यासाठी सुमारे ७,००० छत्र्या तयार केल्या. अमेरिकेत १९४२ साली नायलॉनच्या छत्रीने पहिली मानवी उडी घेतली ती ॲडलीन ग्रे या तरुणीने. ती छत्रीच्या कारखान्यातच रिगर होती. जिने घडी घातली तिनेच ती छत्री खरी आहे हे अंगाने सिद्ध केलं.

आणि ज्यांना हा खेळ श्रीमंतांचाच वाटतो त्यांच्यासाठी टायनी ब्रॉडविक. खरं नाव जॉर्जिया ॲन थॉम्पसन. नॉर्थ कॅरोलायनाची, कापडगिरणीत राबणारी, पंधराव्या वर्षीच एका मुलीची आई. १९०८ साली ती जत्रेतल्या फुग्यातून उड्या मारणाऱ्या खेळात शिरली. १९१३ साली विमानातून छत्रीने उतरणारी ती पहिली स्त्री ठरली. १९१४ मध्ये अमेरिकन सैन्यापुढे प्रात्यक्षिक देताना छत्री आपोआप उघडणारी दोरी विमानाच्या शेपटीत गुंतली. पुढच्या उडीला तिने ती दोरी कापूनच टाकली आणि हवेत पडता पडता स्वतःच्या हाताने छत्री उघडली. त्याच गिरणी कामगार पोरीला जत्रेवाले झालरींचे कपडे आणि गुलाबी फिती घालून ‘बाहुली’ म्हणून लोकांपुढे उभं करत. तिला त्याचा तिटकारा होता. कौशल्य तिचं, जाहिरात बाहुलीची!

आपल्याकडे तरी वेगळं काय घडलं? भारतीय वायुदलातल्या डॉक्टर गीता चंदा १९५९ साली भारताच्या पहिल्या महिला छत्रीधारी सैनिक झाल्या. रेचल थॉमस यांनी २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली. त्यांना २००५ साली पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शीतल महाजन हिने २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, ती तिची आयुष्यातली पहिलीच उडी होती. पुढे दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री, २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात उडी. एवढं मोठं काम. पण २०१८ साली तिने थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली तेव्हा मथळे साडीचे झाले. साडी तिने स्वतः निवडलेली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मथळ्यांबद्दल आहे. कित्येक वार कापड वाऱ्यात सुटलं तर छत्रीच्या दोऱ्यांत गुंतू शकतं, मुठी झाकू शकतं. ते होऊ न देता उडी घेणं ही तांत्रिक कामगिरी आहे. मथळ्यात मात्र संस्कृती झळकली, तंत्र गायब झालं. बाईच्या कौशल्याला झाकायला नेहमी कापडच बरं सापडतं!

आता मूळ मुद्द्याकडे येते. परवाना मिळाल्यावर नवशिकी पहिला मोठा निर्णय घेते तो स्वतःचा संच विकत घेण्याचा. त्याला तिकडे ‘रिग’ म्हणतात. पट्ट्यांचा साज आणि पाठीवरचं बोचकं, मुख्य छत्री, राखीव छत्री, आणि माणूस बेशुद्ध पडलं तरी ठरावीक उंचीखाली राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र. ‘सायप्रस’ नावाचं असं यंत्र १९९१ साली जर्मनीत निघालं आणि या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले. या चार वस्तूंची निवड म्हणजे खरी परीक्षा. आणि इथेच बाईचं शरीर आणि पुरुषाचं माप समोरासमोर येतात.

हिशोब साधा आहे. उडी घेणाऱ्या माणसाचं सगळ्या सामानासकट वजन पौंडात घ्यायचं आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. याला ‘विंग लोडिंग’ म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी छत्री वेगवान, चुकीला क्षमा कमी. नवशिक्याने एकाच्या वर जाऊ नये, हा विमानतळावर सर्रास सांगितला जाणारा नियम. नियम चांगला आहे. पण तो कोणाचं शरीर डोळ्यांपुढे ठेवून सांगितला जातो?

८५ किलोचा पुरुष घ्या. साधारण १८७ पौंड, सामान २५ पौंड, एकूण २१२. एकास एक धरलं तर त्याच्या वाट्याला २१० चौरस फुटांची ऐसपैस छत्री येते. आता ५० किलोची बाई घ्या. ११० अधिक २५, म्हणजे १३५. त्याच नियमाने तिच्या वाट्याला १३५ ची छत्री! कागदावर दोघं समान. हवेत नाहीत. लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असतात. ती मुठीच्या जराशा ओढीला झटकन वळते, वळताना लवकर उंची गमावते. भार तोच असला तरी लहान छत्री मोठीपेक्षा चपळ आणि तापट असते. म्हणून जाणकार प्रशिक्षक हलक्या वजनाच्या नवशिक्यांना सांगतात की एकास एक हे तुमचं माप नाही, तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली राहा. पण हे सांगणारा भेटला पाहिजे आणि ऐकणारीला हिशोब माहीत पाहिजे.

माझी मावसबहीण अमेरिकेत नोकरी करते. वजन ५० किलोच. तिचा ‘ए’ परवाना झाला त्या आठवड्यातच केंद्रावरच्या एका जुन्याजाणत्या गृहस्थाने तिला आपला वापरलेला संच देऊ केला, १२० ची छत्री. ‘तू इतकी हलकी आहेस, मोठ्या छत्रीत वाऱ्याने मागे मागे जाशील. तुला हीच शोभेल.’ ती शिकली होती २१० वर. मधल्या १९०, १७०, १५०, १३५ या सगळ्या पायऱ्या गाळून एकदम १२०! हिशोबाने १.१२. शंभर-दीडशे उड्या झालेल्या पुरुषालाही त्याच्या मापात हा आकडा कोणी सहज सुचवणार नाही. आणि ‘शोभेल’ हा शब्द पाहा. बाईला सुरक्षित काय ते विचारायचं नाही, शोभेल काय ते सांगायचं.

तिने घेतली नाही. दोन महिने भाड्याच्या संचावर काढले, चार छत्र्या आजमावल्या, आणि १७० ची साधी आयताकृती छत्री घेतली. हिशोब ०.७९. त्यावर ‘तंबू घेऊन उडतेस का?’ अशी चेष्टा झाली. मोठ्या वाऱ्यात हलकी बाई मागे सरकते हे खरंच आहे. पण त्याचं उत्तर छोटी छत्री नाही. त्याचं उत्तर आहे : आज वारा जास्त आहे, आज मी उडणार नाही. हे वाक्य उच्चारायला विमानातून उडी मारण्यापेक्षा जास्त धीर लागतो, विशेषतः भोवती सगळे पुरुष सामान चढवत असताना. आणि तिकडेही या खेळात फार तर सात-आठ जणांत एखादी बाई असते.

हे नुसतं चेष्टेपुरतं नाही, जिवावरचं आहे. बाहेरच्यांना वाटतं छत्री उघडलीच नाही म्हणून माणसं मरतात. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं या खेळातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण म्हणजे व्यवस्थित उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली जमिनीजवळ घेतलेलं चुकीचं वळण. छत्री जितकी लहान आणि वेगवान, तितकं ते वळण घातक. म्हणजे चुकीच्या मापाची छत्री ‘शोभेल’ म्हणून गळ्यात घालणं हा निव्वळ आगाऊपणा नाही, तो धोका आहे.

छत्रीनंतर साज. वापरलेला साज आधीच्या मालकाच्या अंगावर बेतलेला असतो. बाईच्या खांद्यांना, कमरेला तो सैल पडला तर मुठी जागेवरून सरकतात. दर उडीला ज्या जागी हात नेण्याची सवय केली, त्या जागी ऐनवेळी मूठ नसेल तर? हात लहान असतील तर ब्रेकच्या मुठींपर्यंत ते पोचावेत म्हणून खांद्यावरचे रायझर आखूड करून घेता येतात, ब्रेकच्या दोऱ्यांची लांबी बदलता येते. नाही तर उतरताना पूर्ण ब्रेक लागतच नाही आणि दोष येतो बाईच्या ‘ताकदीवर’. घोट्याला दुखापत झाली की म्हणायचं, बायकांना जमत नाही. दोरीची लांबी कोणी तपासत नाही!

राखीव छत्रीचीही तीच कथा. छोट्या संचात छोटीच राखीव छत्री बसते. पण यंत्राने ती उघडली तेव्हा बाई कदाचित बेशुद्ध असेल. तेव्हा तिला जमिनीवर आणायला मोठी, शांत छत्रीच हवी. बोचकं एका ठरावीक आकाराच्या छत्रीसाठीच शिवलेलं असतं, ‘आता हे घे, नंतर मोठी घाल’ असं चालत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी आपण निवडलेल्या रिगरकडून संच उघडून तपासून घ्यायचा : छत्री किती उड्यांची, दोऱ्या किती झिजल्या, कापडातून हवा गळते का, स्वयंचलित यंत्राचं वय काय आणि त्याची तपासणी कधीची. विकणाऱ्याच्या ओळखीचा रिगर नको. हा अविश्वास नाही, व्यवहार आहे. घर घेताना सातबारा पाहतो तसा.

आणखी एक गोष्ट, जी अशा चर्चांत कोणी बोलत नाही. पट्टे तपासताना छातीवरच्या, मांडीवरच्या पट्ट्याला दुसऱ्याला हात लावावा लागतो. ती तपासणी आवश्यक आहे. पण आधी सांगून, विचारून, काय तपासतोय ते बोलून करता येते. आणि पट्टे कसे असावेत हे जिला स्वतःला माहीत आहे तिला आवश्यक स्पर्श कोणता आणि अनावश्यक कोणता, हे क्षणात कळतं. ज्ञान हे संरक्षणही असतं. आपण हे आरोग्याच्या कामात कधीच शिकलो आहोत. ‘नेट-एन’ इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा मागणी काय होती? बाईच्या शरीरावर काही करण्याआधी तिला पूर्ण माहिती द्या, मग तिची संमती विचारा. आभाळात गेलं म्हणून ही मागणी बदलते थोडीच!

आता ‘चोचल्यां’च्या आक्षेपाचं. पैशाचा मुद्दा खरा आहे, तो झटकून टाकायचा नाही. नवा संच हजारो डॉलरचा असतो, वापरलेलाही स्वस्त नाही, आणि प्रत्येक उडीचे पैसे वेगळे. वस्तीतली पोर उद्या ते करू शकणार नाही. पण म्हणून जी करते तिच्यावर काय अन्याय होतो ते पाहायचंच नाही, हे कुठलं राजकारण? बाईला मिळालेलं साधन दुसऱ्याच्या मापाचं असणं हा प्रश्न वर्गाची रेघ ओलांडून जातो. सफाई कामगार बाईला मिळणारे पुरुषी मापाचे बूट आणि हातमोजे, बांधकामावरच्या बाईच्या डोक्यावर डगडगणारं हेल्मेट, आणि पन्नास किलोच्या बाईला ‘शोभणारी’ १२० ची छत्री, या एकाच माळेच्या मण्या आहेत. साधन करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुष होता. बाई नंतर आली, आणि तिला सांगितलं गेलं की तूच जुळवून घे.

जुळवून घ्यायचं नाही असं ठरवणाऱ्या बायका तिथेही आहेत. २००९ साली कॅलिफोर्नियात पेरिस या गावी १८१ स्त्रियांनी हवेत हात धरून एक आकृती रचली आणि स्तनांच्या कर्करोगावरील कामासाठी निधी जमवला. २०२२ मध्ये ॲरिझोनात ८० जणींनी डोकं खाली ठेवून पडत असताना विक्रम केला. तो प्रकल्प अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीच्या शताब्दीनिमित्त आखलेला होता. अशी आकृती धाडसाने होत नाही. हलकीला पडण्याचा वेग जुळवायला कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात, प्रत्येकीची जागा, उंची, छत्री उघडण्याची वेळ ठरवावी लागते. ते शेकडो उड्यांच्या सरावातून आलेलं शहाणपण आहे. आणि त्या सरावाची सुरुवात प्रत्येकीने कुठे ना कुठे मोठ्या, संथ छत्रीखालीच केलेली असते : उंचावर ब्रेक ओढून छत्री कुठे थांबते ते पाहणं, मैदानाभोवती ठरलेल्या चौकोनातून उतरणं, तेच ते पुन्हा पुन्हा.

मैत्रिणींनो, ८ मार्चला आपणही सत्कार करतो. शाल, श्रीफळ, ‘धाडसी कन्या’ लिहिलेलं मानचिन्ह. पुढच्या वेळी अशी कोणी पाहुणी आली तर तिला घाबरली होतीस का, घरच्यांनी परवानगी दिली का, हे विचारू नका. तिला विचारा : छत्री किती चौरस फुटांची? ती तू कशी निवडलीस? साज तुझ्या मापाचा आहे का? घडी कोण घालतं? ती जर म्हणाली, ‘मीच घालते’, तर तिला व्यासपीठावरून खाली उतरवा, जाजमावर बसवा आणि म्हणा, आम्हाला घालून दाखव. सभेला आलेल्या मुली भोवती गोळा होतील. भाषणापेक्षा त्यांना तेच जास्त दिवस लक्षात राहील.